म्हैसूरच्या गेटवर पप्पांची झडती

मागच्या आठवड्यात उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये फोटो फ्रेम करायला टाकला, तर दुकानदार फोटो बघून हसायलाच लागला. "मॅडम, अंकल को किस केस में पकडा?" मी म्हटलं, लंबी स्टोरी है... तुम्हीही ऐका.

आमचे पप्पा अंबरनाथला संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत होते. आत फोटोला सक्त मनाई. त्यामुळे कॅमेरा दिसला की बाजूला व्हायचं, ही सवय अशी अंगात मुरली की घरच्या लग्नांमध्येसुद्धा पप्पा कुठल्याच फोटोत सापडत नाहीत. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये त्यांचा डावा खांदा आहे... तेवढाच.

आईची एकच मागणी, दोघांचा एक धड फोटो हॉलमध्ये लावायला हवा. त्यांच्या लग्नाचा होता तो एका पावसाळ्यात घरात पाणी शिरलं तेव्हा गेला. "ह्यांच्याबरोबर संसार केला याला पुरावा काय?" असं ती विचारायची. मी म्हटलं, मी आहे की! तर म्हणे, तुला भिंतीला टांगता येत नाही.

म्हणून पप्पा रिटायर झाल्यावर मी बदलापूरच्या माझ्या घरून सूत्रं हलवली आणि म्हैसूरची ट्रिप ठरवली. आम्ही तिघंच. मागे एवढा देखणा राजवाडा असताना माणूस पळून पळून जाणार कुठे, असा माझा हिशोब... पण पप्पांना मी ओळखलंच नव्हतं.

चामुंडी टेकडीवर त्या भल्यामोठ्या नंदीसमोर दोघांना उभं केलं, मी फोन वर धरेपर्यंत पप्पा नंदीच्या मागे. चर्चसमोर उभं केलं, तर ऐन वेळी त्यांना पाण्याची बाटली आणायची आठवण झाली. बायलकुप्प्याच्या तिबेटी विहारात सोनेरी बुद्धमूर्तींसमोर आईने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला... तर ह्यांनी डोळे मिटले आणि तिथेच मांडी घालून बसले. आता विहारात ध्यानाला बसलेल्या माणसाला उठवणार कोण!

त्यात दुसरी लढाई म्हैसूरपाकाची. पप्पांना शुगर आहे आणि गावच म्हैसूर... जिकडे जावं तिकडे तुपाचा वास. बिचारी आई दोन्ही आघाड्यांवर एकटी लढत होती.

शेवटच्या दिवशी राजवाडा. आई ठेवणीतली निळी साडी नेसून सकाळपासून तयार. आतलं सगळं बघून झालं, बाहेरच्या मोठ्या पटांगणात मी पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, पण प्रत्येक फोटोत आई एकटी आणि शेजारी पळणाऱ्या पप्पांची चप्पल.

मग आईने पदर सावरला आणि पर्स खांद्याला लावली. "राहू दे गं... चल, गाडी चुकेल," एवढंच म्हणाली आणि चालायला लागली. मला फार वाईट वाटलं, पप्पांचा खरंच राग आला.

बाहेर पडायच्या गेटजवळ खाकीतला एक गार्ड खुर्चीवर निवांत बसला होता. आता इथे एक सांगायला हवं... फॅक्टरी सुटली की रोज गेटवर पप्पांची झडती व्हायची. डबा उघडून दाखवायचा, हात वर करायचे, तपासणी झाली की घरी.

खाकी कपडे दिसले मात्र, पप्पांचे पाय आपोआप थांबले. त्यांनी पिशवीतून आमचा चपातीचा डबा काढला, झाकण उघडलं, डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात वर करून गार्डसमोर शांत उभे राहिले.

गार्ड बघतच राहिला. वरून नवीन ऑर्डर आली असेल असं वाटलं असणार त्याला... उठला आणि रीतसर झडती घ्यायला लागला. मागच्या लोकांनीही बघून बघून हात वर केले. आपल्याकडे पुढचा करतो तेच मागचा करतो, कशाला हे कोणी विचारत नाही.

आणि पप्पांच्या पँटच्या खिशातून निघाला... कागदात गुंडाळलेला म्हैसूरपाक!

"अहो!" आई ओरडली. "रिटायर झालात ना तुम्ही! आणि हे काय?" पप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण हात काही खाली येईनात. झडती संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, हा नियम. आईने एकदा त्या पुडीकडे बघितलं, एकदा वर केलेल्या हातांकडे बघितलं आणि जी हसत सुटली... हसता हसता तोल जाऊन तिने पप्पांचा दंड धरला. मग पप्पाही हसायला लागले, हात तसेच वर.

मागे अख्खा राजवाडा आणि माणूस पहिल्यांदाच एका जागी उभा. मी पटापट फोटो काढून घेतले.

खरं सांगू? फोटो काढताना मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. सगळी नोकरी हा माणूस रोज संध्याकाळी असे हात वर करून मगच आमच्याकडे घरी आला. कधी एका शब्दाने कुरकुर नाही. आम्हाला फक्त डब्याचा आवाज माहीत होता, पप्पा आले म्हणून.

फ्रेम आता अंबरनाथच्या घरी हॉलमध्ये, अगदी दारासमोर लागली आहे. पप्पा संध्याकाळी फिरून आले की आई दारातच अडवते. "हात वर." आणि ते मुकाट्याने करतात, वर हसतात. आज मी समोरच होते. खिशात काही सापडलं नाही, तरी आईने झडती जरा सावकाशच घेतली.

म्हैसूरच्या त्या गार्डदादांना मनापासून थँक्यू. जप्त केलेला म्हैसूरपाक तुम्ही आमच्यासमोरच खाल्लात... त्याबद्दल आईकडून वेगळं थँक्यू.