वाकड्या तोंडाची पहिली बासरी

लोकांना नावं ठेवण्यात जिचं अर्धं आयुष्य गेलं, त्या बाईचंच तोंड वाकडं व्हावं, यात देवाची विनोदबुद्धी दिसते. मी सोलापुरात एका शाळेत मराठी शिकवते आणि उरलेल्या वेळात विनोदी लेख लिहून ते इकडेतिकडे वाचून दाखवते. गेल्या मार्गशीर्षात माळशिरसहून भाचीचं लग्न उरकून एसटीनं परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चूळ भरायला गेले, तर पाणी डाव्या बाजूनं गळून पदरावर. आरशात पाहिलं. उजवा गाल जागा, डावा झोपलेला.

"वारं गेलं तोंडावरून," शेजारच्या काकू म्हणाल्या. "खिडकीला बसला असणार की तुम्ही."

डॉक्टरांच्या मते मज्जातंतूला सूज होती. त्यांनी गोळ्या दिल्या आणि "बहुतेक सगळं परत येतं" असं सांगितलं. 'बहुतेक' हा शब्द मी आजवर फक्त विनोदासाठी वापरत आले होते.

सगळ्यांत आधी गेली ती प, फ, ब, भ, म ही मंडळी. ओठ मिटल्याशिवाय ही अक्षरं येत नाहीत, हे मी वीस वर्षं पाचवीला शिकवते आहे. खरं निघालं. आता माझ्या नवऱ्याचं नाव प्रमोद. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून मी त्याला नावानं हाक मारते, आणि तेव्हापासून सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलं आहे. तोंड वाकडं झाल्यावर 'प्रमोद' म्हणायला गेलं की 'फ्रवोद' असं काहीतरी बाहेर पडायचं, तेही शिंतोड्यांसकट. दोन दिवसांनी मी मुकाट्यानं 'अहो'वर आले. 'अहो'ला ओठ लागत नाहीत. जुन्या लोकांनी बायकांसाठी शब्द किती दूरदृष्टीनं निवडला होता. 'तुम्ही'त म आहे म्हणून ते म्हणण्यातून मी वाचले, पण सव्वीस वर्षांनी सासूबाईंच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी व्यायाम दिले. गाल फुगवा, शिट्टी मारा, फुगे फुगवा. "नाहीतर बासरी घ्या की," त्या म्हणाल्या, "ओठ कामाला लागल्याशी मतलब." प्रमोद सहसा काही मनावर घेत नाही. हे घेतलं. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेत गेला आणि भजी, पाळणे, मौत का कुआँ हे सगळं ओलांडून लाल रिबीन लावलेली पन्नास रुपयांची बासरी घेऊन आला. विकणारा म्हणे तिच्यावर अख्खी गाणी वाजवत होता. आमच्या घरात येताच तिचं मन बदललं. बारा दिवस ती मला फक्त 'फुस्स' म्हणाली.

मला गाणं नको होतं, हे आधीच सांगते. मला माझे ओठ हवे होते. नवऱ्याला नावानं हाक मारायची होती, आणि ती ऐकून त्याच्या तोंडावर येणारी धास्ती पाहायची होती.

शाळेतल्या आमच्या क्लार्कभाऊंनी ती बासरी फेरतपासणीला आलेल्या पेपरासारखी उलटसुलट बघितली. "बाई, हे खेळणं हाय. आमच्या गावात अप्पा हायत, बासरी करत्यात. माणूस बघून करत्यात, शिंपी कपडा शिवतो तसं. जावा एकदा."

म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही निघालो.

तुम्हाला जायचं असेल तर सोपं आहे. सोलापूर स्टँडवरून अक्कलकोटला एसटी सारख्या असतात. तासाभराचा रस्ता, थांबे धरून थोडा जास्त. गुरुवार आणि पौर्णिमा टाळा, नाहीतर दर्शनाच्या गर्दीबरोबर उभ्यानं जावं लागेल. खिडकीची जागा मी प्रमोदला दिली. वारं ज्याच्यावरून जायचं त्याच्यावरून जाऊ दे. त्यानं स्वतःचा मफलर काढून माझ्या कानांवरून गुंडाळला. कंडक्टर आल्यावर माझ्या लक्षात आलं, 'दोन अक्कलकोट'मध्ये ओठाचं एकही अक्षर नाही. मी स्वतः तिकीट मागितलं, खणखणीत. दोन महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याऐवजी प्रमोद बोलला नाही. मोडनिंबला जायचं असतं तर परत त्याच्याकडेच बघावं लागलं असतं.

वळसंग मागे पडलं की बसमधली मराठी हळूहळू कन्नडच्या ताब्यात जाते. बाहेर ज्वारी कणसावर आलेली, मध्येच हुरड्याच्या पाट्या. पुढच्या सीटवरच्या दोन म्हाताऱ्या सुनांची उणीदुणी मराठीत काढत होत्या आणि निकाल कन्नडमध्ये देत होत्या. मला निकाल कळले नाहीत, पण सूर ओळखीचा होता.

अक्कलकोटला उतरून चहा घेतला. मी बशीत ओतून उजव्या कोपऱ्यानं प्याले, डावीकडे रुमाल धरून. तिथून पुढे वडाप. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते, वडाप म्हणजे भरल्यावर सुटणारी जीप, आणि भरली म्हणजे काय हे ड्रायव्हर ठरवतो. गावाचं नाव मी लिहीत नाही. "लई माणसं आली तर मी काम कवा करू," असं अप्पांनीच सांगितलं आहे. शोधायचंच असेल तर कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या गावांमध्ये विचारत जा. ज्या गावात लोक तुम्हाला रस्ता सांगण्याऐवजी सोबत चालायला लागतील, ते गाव.

अप्पा सत्तरीचे. कपाळाला विभूती, अंगात बंडी, समोर शेगडीत तापणारी लोखंडी सळई. भिंतीला टेकवून बांबूच्या पन्नासेक नळ्या. "बर्री, कूडरी," म्हणाले. या, बसा, एवढं मला येतं. त्यांची सून महानंदा पाणी घेऊन आली. तिचं मराठी अप्पांपेक्षा बरं, माझ्यापेक्षा तर त्या दिवसांत फारच बरं.

प्रमोदनं सगळी हकीकत सांगितली. अप्पांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. पाहिलं म्हणजे कसं, तर बांबूकडे बघतात तसं: पेर कुठं, चीर कुठं, कामाचं किती. दोन महिने लोक माझ्याकडे बघून चटकन दुसरीकडे बघत होते. हा पहिला माणूस, ज्यानं नजर हलवली नाही.

मग त्यांनी एक नळी उचलून माझ्या हातात दिली. तिला एकच भोक होतं, ओठ लावायचं. बोटांची सहा नव्हतीच.

"ही बासरी अपुरी आहे," मी म्हटलं. यातले सगळे ओठ प्रमोदनं पुरवले.

"मामंजी आधी अशीच देत्यात," महानंदा म्हणाली. "आधी नळी बोलू दे, मग बोटाला काम. न्हाय बोलली तर भोकं पाडून काय करायचं?"

अप्पा माझ्याकडे झुकून म्हणाले, "सावकाश. ऊद्री. ऊद्री."

इथं माझ्यातली मराठीची शिक्षिका जागी झाली. ऊद. नव्या वाद्याला आधी ऊद दाखवायचा, पूजा करायची. बरोबरच आहे, केवढी सुंदर परंपरा. मी नळी कपाळाला लावली, खाली ठेवली आणि प्रमोदला खूण केली. तो उन्हात कोपऱ्यावरच्या दुकानात गेला. परत आला तेव्हा हातात ऊदबत्तीचा पुडा होता आणि एक नारळ. दुकानदारानं विचारलं, कशासाठी. यानं सांगितलं, पूजेसाठी. मग नारळ आलाच.

अप्पांनी नारळाकडे पाहिलं, पुड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि कन्नडमध्ये एक वाक्य टाकलं. महानंदा पदराआड गेली ती बराच वेळ बाहेर येईना.

"मावशी," शेवटी ती म्हणाली, "ऊद्री म्हंजे फुंका. आमच्यात फुंकायला ऊद म्हणत्यात."

"काय म्हणाले ते?" प्रमोदनं विचारलं.

"म्हणाले, बाईला फुंक म्हटलं तर नवऱ्याला दुकानात पाठवलं. बासरी येईल हिला, माणसाकडून काम करून घ्यायची सवय हाय."

मी हसले. तोंड वाकडं झाल्यापासून मी हसणं टाळत होते, कारण हसू एकाच बाजूला जातं आणि कुत्सित दिसतं. अर्थात आधीही ते कुत्सितच दिसायचं, असं प्रमोदचं म्हणणं आहे.

आणलेली ऊदबत्ती वाया जाऊ द्यायची नाही म्हणून अप्पांनी एक पेटवली, दत्तोबाच्या फोटोला दाखवून झाल्यावर तशीच माझ्या तोंडासमोर धरली. "आता ऊद्री."

मी जोर लावला. ऊदबत्तीचं टोक लालबुंद झालं.

"चूल न्हवं बाई ती," अप्पा म्हणाले.

"फुंकू नका मावशी," महानंदानं समजावलं, "फुंकर घाला. लेकराचा गुडघा फुटला की घालतो का न्हाय, तशी."

एका 'र'नं केवढा फरक पडतो, हे व्याकरण शिकवणाऱ्या बाईला सातवी शिकलेल्या मुलीनं सांगितलं. मी फुंकर घातली. धुराची सरळ रेघ हलली आणि सगळीच्या सगळी उजवीकडे वळली. मला वाटलं, झालं, हेच आपलं वाकडेपण. अप्पांनी मात्र ती रेघ दोनतीनदा निरखली, ऊदबत्ती महानंदाकडे दिली, नळी माझ्या ओठाला लावली आणि दोन बोटं उजवीकडे सरकवली.

"वारा सरळच हाय की," ते म्हणाले. "नळी वाकडं धरलाय तुमी."

मी परत फुंकर घातली, मघासारखीच. नळी बोलली.

फार वेळ नाही. कुकरची शिट्टी होण्याआधी जो एक सुस्कारा येतो, त्याच्यापेक्षा जरा जास्त. पण तो आवाज होता आणि माझ्या तोंडातून आलेला होता. प्रमोद नारळ मांडीवर घेऊन बसला होता, तो तसाच उभा राहिला, कुणी पाहुणे आल्यासारखा.

नंतरचं काम बघत बसावं असं. सळई लाल करून अप्पा एकेक भोक पाडायचे, फुंकून बघायचे, कानसेनं कणभर घासायचे. माझी बोटं आखूड म्हणून खालची दोन भोकं त्यांनी जरा कडेला घेतली. जळक्या बांबूचा वास, त्यात ऊदबत्तीचा. मध्ये जेवण झालं: ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाची चटणी, घट्ट दही आणि आमच्याच नारळाचं खोबरं. महानंदानं न विचारता माझी भाकरी दह्यात कुस्करून ठेवली होती. चावताना मला त्रास होतो, हे तिनं कधी पाहिलं कोण जाणे. जेवणाचे पैसे विचारू नका, आम्ही विचारले आणि बोलणी खाल्ली. बासरीचे सहाशे सांगितले. मी आयुष्यात पहिल्यांदा घासाघीस केली नाही, आणि त्याला प, फ, ब, भ, म कारणीभूत नव्हते.

घेणाऱ्यांसाठी अप्पांच्या सूचना: आत पंधरवड्यातून एकदा तेलाचा बोळा फिरवा, उन्हात आणि गाडीच्या काचेमागे ठेवू नका, आणि पहिले पंधरा दिवस बोटं लावूच नका. एकच सूर. निघताना मी विचारलं, तोंड सरळ झालं तर नळी परत मध्ये आणायची का. विचारलं प्रमोदनंच, पण प्रश्न माझा होता.

"जिकडं वारं, तिकडं नळी," अप्पा म्हणाले. "वाऱ्याला काय सांगताय?"

घरी आल्यापासूनचा हिशोब फार थोर नाही. महिनाभर एकच सूर लावला. खालच्या मजल्यावरच्यांनी आधी प्रेशर कुकर बदलला, मग विचारायला आले. आता सा रे ग म पर्यंत जाते, पुढं कधी जाते कधी नाही. उरलेली ऊदबत्ती मात्र रोज कामाला येत राहिली. संध्याकाळी प्रमोद बँकेतून आला की हातपाय धुऊन समोर बसायचा, एक काडी पेटवायचा आणि माझ्या तोंडासमोर धरून हवामान खात्यासारखा बोलायचा. "आज वारं उजवीकडून. उद्या थोडा बदल अपेक्षित." सव्वीस वर्षं मी या माणसाला बोलू दिलं नाही, त्यामुळे तो इतका विनोदी आहे हे मला माहीत नव्हतं. ही चूक माझी, आणि ती कळायला तोंड वाकडं व्हावं लागलं, याबद्दल वाऱ्याची मी आभारी आहे.

पाडवा होऊन चार दिवस झाले असतील. प्रमोदनं काडी धरली, मी फुंकर घातली. धुराची रेघ हलली, डावीउजवीकडे कुठंच गेली नाही आणि सरळ त्याच्या तोंडावर जाऊन आदळली.

"प्रमोद, डोळे मीट," मी म्हटलं.

त्यानं मिटले नाहीत. काडी तशीच धरून बसला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "धूर," म्हणाला.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता.

"गेलं का गं 'अहो'?" सासूबाईंनी विचारलं.

"गेलं," मी म्हटलं.