चिठ्ठीत निघालेला देश

"आत्या, तू येशील का? आई नाही म्हणतेय." ईराचा आवाज इतका बारीक झाला होता, की आधी मी तिकीट काढलं आणि मग कारण विचारलं.

तिच्या शाळेत संयुक्त राष्ट्रांची लुटुपुटीची सभा होती. अकरावीची मुलं एकेका देशाचे प्रतिनिधी होणार, विषय मानवी हक्क. देश चिठ्ठ्या टाकून वाटले, आणि ईराला पाकिस्तान आला. तिचे वडील, म्हणजे माझा धाकटा भाऊ सुहास, लष्करात आहेत, सध्या जयपूरला. (नावं बदलली आहेत. ईराला विचारूनच लिहितेय. तिची अट एकच: "मतलब, पूर्ण लिही. मधूनच कापू नको.")

पुण्याहून रेल्वेने रात्र आणि बराचसा दिवस जातो. डबा घरून न्या. उतरायची सोय नसेल तर स्टेशनजवळ बनी पार्कात शांत गेस्टहाउसं आहेत. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. मी सुहासच्या क्वार्टरवर गेले. फाटकावर दोनदा ओळखपत्र दाखवावं लागलं, आणि उगीचच माझा चेहरा अपराध्यासारखा झाला असणार.

जेवताना मेघा, माझी भावजय, बोलून मोकळी झाली. "ताई, हिच्या तोंडून 'आमचा देश पाकिस्तान' एवढाच तुकडा कापून कुणी नेटवर टाकला तर? खाली नाव फौजीच्या मुलीचं." ईराने ताटातली कचोरी चिवडली. सुहास एवढंच म्हणाला, "चिठ्ठी म्हणजे पोस्टिंग. मागून मिळत नाही." हसलं कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी मी ईराला मुद्दाम बगरूला, ठशांनी कापड छापणाऱ्यांच्या गावी, नेलं. अजमेर रस्त्याने तासाभराचा प्रवास, बसही मिळते. सकाळी जा, कारण तेव्हा छापलेले कापडाचे लांबच लांब पट्टे उन्हात पसरलेले दिसतात. लाकडी ठसा रंगात टेकवायचा, कापडावर ठेवायचा आणि वरून मुठीने एक ठोका. तो ठक-ठक आवाज गल्लीभर असतो. काळ्या-लाल ओढण्या शहरातल्यापेक्षा स्वस्त मिळाल्या. ईरा मात्र ओठांतल्या ओठांत भाषण घोकत होती. मधेच थांबून म्हणाली, "आत्या, पप्पांना वाईट वाटेल का?" मी तिच्या खांद्यावर ओढणी लावून बघत राहिले.

सभा शहरातल्या सी-स्कीम भागात एका सभागृहात होती, पालकांना मागच्या रांगा. मेघा आली नाही. सुहास साध्या कपड्यांत आला आणि दाराशीच उभा राहिला. ईरा 'पाकिस्तान' लिहिलेली पाटी पुढे ठेवून उभी राहिली, तेव्हा मी फोनवर चित्रण सुरू केलं आणि लगेच मलाच भीती वाटली. कापून टाकण्याजोगी फीत आता माझ्याच हातात होती.

ती बरी बोलत होती. मग भारताचा प्रतिनिधी झालेला मुलगा उठला आणि हिंदीत म्हणाला, या मॅडमना आधी हक्क म्हणजे काय ते कुणीतरी समजावा, आणि मग घरी पाठवा. अख्खं सभागृह हसलं. मी मागे वळून पाहिलं. दारात सुहास नव्हता. ईरानेही तेच पाहिलं.

मग तिनेही हिंदीतच उत्तर दिलं. "ज्यांच्या वतीने मी बोलतेय, त्यांच्यातलं इथे कुणीच नाही. म्हणून हसणं सोपं आहे. आम्ही चुकलो असू तर तसं म्हणा. पण आधी ऐकून घ्या."

पुन्हा कुणी हसलं नाही.

परतताना गाडीत ती खिडकीला टेकून होती. "पप्पा लाजले ना?" घरी मेघाने मला चित्रण पुसायला सांगितलं. मी हो म्हटलं. सुहासने विषयच काढला नाही.

पुण्याला येऊन आठवडा झाला. ओढणीचा रंग पहिल्या धुण्यात थोडा गेला, मिठाच्या पाण्यात भिजवा. चित्रण मात्र माझ्याच्याने पुसवलं नव्हतं. काल सुहासचा फोन आला.

"ताई, ते पुसलंस?"

"नाही अजून."

"पुसू नको. आणि पाठवूही नको. दिवाळीत येईन तेव्हा तुझ्याच फोनवर बघेन." मग तोच म्हणाला, "सगळे तिला हसले आणि मला तिथे उभं राहवेना. पुढचं ऐकलंच नाही मी. काय म्हणाली ती?"

सांगणं माझ्या जिभेवर आलं होतं. "तिलाच विचार की," मी म्हटलं.

मग फोन बाजूला धरून त्याने घरात हाक मारलेली मला ऐकू आली.

"ईरा, जरा इकडे ये."