अंकुशचा चुकलेला बॉल

प्रफुल्ल सेलोकरचा पाय मी मोडला. हातानं नाही, धानानं.

मी मोहाडीच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. कॉलेजचं बास्केटबॉलचं मैदान सिमेंटचं, आणि कापणीनंतर सिमेंट दिसलं की आमच्याकडच्या माणसाला त्यावर धानच दिसतं. सासरेबुवांची पाच पोती मी तिथं वाळत घातली. चार वाजता गोळा केली, झाडूही मारला. पण तो प्राध्यापकी झाडू. उरलेल्या मूठभर दाण्यांवरून प्रफुल्ल जो घसरला तो थेट बास्केटच्या खांबाला जाऊन भेटला. घोट्याला चीर, महिनाभर प्लास्टर.

सहा फूट दोन इंच उंचीचा हा पोरगा टीमचा फॉरवर्ड. बचावात भिंत. पण चढाई सुरू झाली की लग्नात आलेल्या अनोळखी पाहुण्यासारखा, कुठं उभं राहावं ते त्याला कळेना. महिन्यानं परत आला तेव्हा तर टीम त्याच्याविना खेळायला शिकली होती. बॉल टीमचा हुकमी नेमबाज अंकुश याच्याकडे जायचा आणि अंकुश तो बास्केटलाच द्यायचा, माणसाला नाही.

"मी काय करू, सर?" प्रफुल्लनं कोच ईश्वर सरांना विचारलं.

"तू? तू त्यायच्या माणसाच्या आड उभा राय."

अंकुश हसला. "ए खांबा, आमी चौघं खेळून राहिलो. तू सावली दे."

सगळी टीम हसली. प्रफुल्ल नाही हसला. त्याचे कान लाल झाले, एवढंच.

अपराधी मनानं मी रोज सरावाला जाऊन बसू लागलो. पोरगं बोलायचं नाही, फक्त अंकुशकडे बघायचं. शिकारी बघतो तसं. एकदा मी म्हटलं, "अरे, एवढा राग बरा नाही. खेळात मन मोठं ठेवावं."

"मन मोठंच हाय, सर. म्हणून तर एवढा राग मावते."

मग हळूच म्हणाला, "तो डाव्या कोपऱ्यातून मारते ना, तवा घाई करते. बॉल रिंगला लागून उजवीकडंच पडते. दहापैकी सहा वेळा."

त्या दिवसापासून तो उजवीकडे उभा राहू लागला. पास मागणं सोडलं. अंकुश चुकला की बॉल याच्या हातात, आणि तिथून जाळीत. कोणी टाळी वाजवली की अंकुशला ती गालावर बसल्यासारखी वाटायची.

"माझं उष्टं खाऊन राहिला बे!"

"तू सांडत जा. मी खात जाईन."

भंडाऱ्याला आंतरमहाविद्यालयीन सामन्यांची फायनल होती. विद्यापीठाच्या टीमसाठी निवड करणारे दोघं जण समोरच बसलेले. आमच्यातून एकच जाणार, आणि तो अंकुशच, असं अंकुशनं घरी सांगूनसुद्धा टाकलं होतं. प्रफुल्ल मला एवढंच म्हणाला, "माझं नाव मी त्याच्याच हातानं लिवून घेतो, पाहा."

शेवटचे सात सेकंद. आम्ही एका गुणानं मागं. डाव्या कोपऱ्यात अंकुशला दोघांनी घेरलं आणि मोसमात पहिल्यांदाच त्यानं पास दिला, प्रफुल्लला. प्रफुल्ल बास्केटखाली एकटा! मी खुर्चीवर चढलो.

आणि या गाढवानं बॉल परत अंकुशला दिला.

प्रफुल्लवर धावलेले ते दोघं मध्येच अडकले. एवढ्या सौजन्यानं अंकुश गोंधळला. त्यानं घाईनं मारला. बॉल रिंगला लागला, उजवीकडे आला. प्रफुल्ल तिथं होताच. जाळी हलली, शिट्टी वाजली.

निवडकर्त्यांनी कागदावर एकच नाव लिहिलं. अंकुश टॉवेल डोक्यावर घेऊन बसला होता. प्रफुल्लनं त्याच्यासमोर पाण्याची बाटली ठेवली आणि अगदी प्रेमानं म्हणाला, "मस्त पास देल्ला, भाऊ. असाच देत जा."

बाहेर तर्रीपोह्याच्या गाडीवर मात्र मी त्याला धरलं. माझा रक्तदाब अजून खाली आला नव्हता.

"अरे, एकटा होतास तू! सरळ टाकला असता तरी जिंकलो असतो. आणि बॉल उजवीकडे आलाच नसता म्हणजे? हातची मॅच गेली असती ना!"

प्रफुल्लनं पोह्यांवर आणखी तर्री घेतली.

"मॅच कोणाले जिंकाची होती, सर?"