अर्जावरचा अंगठा

लोकांचे अर्ज लिहून द्यायचा मला तेव्हा भारी सोस होता. पुण्यात वकिलीचं एक वर्ष काढून, त्यात नापास होऊन मी कासार आंबोलीच्या शाळेवर मास्तर म्हणून आलो होतो. नापास झाल्याचं गावात कुणाला सांगितलं नव्हतं. कायदा शिकलेला मास्तर एवढीच माझी ख्याती, आणि मीही ती तशीच चालू दिली.

साठ सालाच्या थोडा आधीचा उन्हाळा असेल. डोंगरावरच्या धनगरवाड्यातली एक म्हातारी शाळेत आली. वाड्यावरचा झरा आटला होता, बाया खिंड उतरून पाणी नेत होत्या, आणि तिच्या सुनेला सातवा महिना लागला होता. यंदा तरी वाड्यावर विहिरीचं काम निघावं, एवढंच तिचं मागणं. तालुक्याचे साहेब पुढच्या आठवड्यात गावात येणार होते, त्यांना द्यायला अर्ज हवा होता.

मजकूर तिनं स्वतःच सांगितला. “लिवा मास्तर. पानी द्यायचं काम सरकारचं हाय. आमी मत दिलंय. हीर कवा खांदताय ते सांगा.”

मी मान डोलावली आणि लिहिलं, ‘मायबाप सरकारचे चरणी आम्हां गरीब, अडाणी धनगरांची नम्र विनंती की, दयाळू होऊन...’ अर्ज असाच लिहायचा असतो असं मला मनापासून वाटत होतं. तिनं वाचून दाखवायला सांगितलं, तेव्हा तोच कागद डोळ्यांपुढे धरून मी तिचीच वाक्यं तिला ऐकवली. कुठे अडखळलोसुद्धा नाही. ती खूश झाली. अंगठा उठवला, उरलेली शाई केसांना पुसली आणि भर उन्हात डोंगराच्या वाटेला लागली. मी तिला साधं पाणीही विचारलं नव्हतं, हे मला फार उशिरा आठवलं.

साहेब आले. चावडीत त्यांनी अर्ज मोठ्यानं वाचला. ‘अडाणी’ आलं तशी म्हातारी माझ्याकडे बघायला लागली. ‘दयाळू होऊन’ ऐकल्यावर ती उभीच राहिली आणि म्हणाली, हे मी सांगितलेलं न्हाई. साहेब काही वाईट माणूस नव्हते. मंजुरी मिळाली तर बघू, पण विहीर हा काही तुमचा हक्क नव्हे, असं त्यांनी तिला समजावलं. तेव्हा ती माझ्याकडे वळली.

“मास्तर, तुमी कायदा शिकलाय. हाय का न्हाई आमचा हक?”

सगळी चावडी माझ्याकडे बघत होती. मी घसा खाकरला. लोकांचं जगणं सुधारावं असं घटनेनं सरकारला सांगून ठेवलंय, पण ते केलं नाही म्हणून कोर्टात दावा लावता येत नाही, असं मी म्हणालो. त्या काळापुरतं ते बरोबरच होतं. पण पहिला भाग मी पुटपुटलो आणि दुसरा ठणकावून सांगितला. साहेबांनी कौतुकानं मान हलवली. त्या कौतुकानं मी फुललो, याची मला आजही लाज वाटते.

“मग माजा अंगठा परत द्या,” ती म्हणाली.

लोक हसले. मीही हसलो. साहेबांनी मात्र अर्ज तिच्या हातात दिला. तिनं घडी घालून तो कमरेला खोचला आणि निघून गेली. आता अर्जच नाही म्हटल्यावर त्या वर्षीच्या विहिरींच्या यादीत वाड्याचं नाव कुठून येणार?

रविवारी मी वर गेलो. खिंडीत तिची सून भेटली. डोक्यावर दोन हंडे, एक हात कमरेवर. मास्तर आले म्हणून तीच बाजूला होऊन मला वाट देऊ लागली. हंडा घेऊ का, एवढंही माझ्या तोंडून निघालं नाही. मी पुढे झालो, ती मागून आली. म्हातारीनं त्याच हंड्यातलं पाणी तांब्याभर माझ्यापुढे ठेवलं. दारी आलेल्याला पाणी द्यायचं, त्यात तिनं कसूर केली नाही. मी मान खाली घालून प्यायलो. मग अर्ज पुन्हा लिहिला. तिचे शब्द जसेच्या तसे, एक कानामात्रा न बदलता. वाचून दाखवला आणि शाईची डबी पुढे सरकवली.

तिनं अंगठा पुढे केला नाही. कागद घेतला, उलटसुलट करून बघितला.

“ऱ्हाऊ द्या मास्तर,” ती म्हणाली. “आदी दुसऱ्या कुनाकडनं वाचून घेते.”