विजूच्या नावानं उघडणारं मशीन

मी छबूबाई. बारामतीवरनं इंदापूरला जाताना एक खाजगी डेरी व्हती, आता बंद पडली. तिथल्या हापिसात झाडलोट आन् चहा माझ्याकडं. विजूचं जे केलं ते मी डोळ्यानं बघितलंय. आजबी आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाती.

विजू म्हणजे विजयमाला, कळस गावची. आज्याची मेंढरं व्हती, बापानं ती विकून शेती धरली. पोरगी बारावी झाली, बारामतीत कॉम्प्युटर शिकली आन् अठ्ठ्याण्णव साली आमच्याकडं मशीनवर बसली. टेम्परवारी. बापानं तिला तोंडावर सांगितलेलं, "पर्मनंट झालीस तर कर नोकरी. न्हायतर लासुर्ण्याचा बिजवर तयारच हाय." बिजवराला दोन पोरं, डोक्याला टक्कल. पोरगी जीव तोडून काम करायची. मालकानं दिवाळीला पर्मनंट करतो म्हणून शब्द दिला व्हता, आन् दिवाळी तोंडावर आलेली.

मॅनेजर आप्पासाहेब. त्यांनी मशीनच्या काचेच्या खोलीचं पार देवघर करून टाकलेलं. चपला बाहेर, सकाळी उदबत्ती, पडद्याच्या डोक्यावर हळदकुंकू. मशीन चालवता येत नव्हतं, पण ओवाळता येत व्हतं मेल्याला.

त्या दिवशी पुण्याचा इंजिनेर फोनच्या तारेवरनं मशीनमधी शिरला. तो पुण्यात बसून काम करत व्हता आन् हितं पडद्यावरचा बाण आपला आपण पळत व्हता. आमी सगळी आ वासून बघत बसलो. काम झालं, त्यानं लाईन तोडली. मग विजूनं आपलं नाव टाकलं, पासवर्ड टाकला. मशीन उघडंना. परत टाकला. उघडंना.

बाहेर दुधाचं टँकर उन्हात उभं. चलन मशीनमधनंच निघायचं, त्याबिगर गेट सुटत नव्हतं. दूध नासंल म्हणून ड्रायव्हर बोंबलायला लागला.

विजूनं पडद्यावरचं नीट वाचलं. म्हणाली, "आप्पासाहेब, पुण्याचे साहेब त्यांच्या नावानं आत गेले आन् कुलूप तसंच ठेवून गेले. माझ्या पासवर्डानं न्हाय निघायचं. त्यांना फोन लावा, न्हायतर मी मशीन बंद करून परत चालू करते."

फोन लावला तर साहेब जेवायला गेलेले. आन् बंद करायचं म्हटल्यावर आप्पासाहेब अंगावरच धावून आले. "हात लावू नगंस! सगळा हिशोब जाईल." मग तिला खालवर बघून सगळ्यांच्या देखत इचारलं, "कावळा शिवलाय का तुला?"

ड्रायव्हर, क्लार्क, शिपाई, सगळी तितंच. मनात म्हटलं, अगं न्हाय म्हण की भवाने! पण ती कसली खोटं बोलती. तोंड लालेलाल झालं. म्हणाली, "व्हय. पण त्याचा हितं काय संबंध?"

झालं! "व्हय म्हणती वर तोंड करून! भाईर हो आधी." तिला उंबऱ्याबाहेर उभी केली. दत्तोबा शिपाई पळत जाऊन गोमूत्र घेऊन आला. मशीनवर शिंपडलं, खुर्चीवर शिंपडलं. मशीन ढिम्म. तेवढ्यात लाईट गेली. मशीनखालची बॅटरी जुनी, तीबी बसली आन् पडदा काळा झाला. लाईट आली तसं मशीन नव्यानं चालू झालं आन् सरळ नाव इचारायला लागलं.

"बघा! शुद्ध झालं," आप्पासाहेब म्हणाले. खुर्चीवर त्यांनी आपला भाचा बसवला, इंद्रजित. त्याला पासवर्ड कुठला ठाऊक?

"विजे, पासवर्ड सांग. टँकर जाऊ दे, मग तुझं बघू," आप्पासाहेब म्हणाले. पोरीला वाटलं, राग उतरला. तिनं दारातनं एकेक अक्षर सांगितलं. मशीन उघडलं, टँकर गेलं. मग तिच्याकडं न बघताच म्हणाले, "उद्यापासनं येऊ नगंस."

सांजच्याला आप्पासाहेबांना पुण्याच्या साहेबाचा फोन आला. आवाज निसता घुमत व्हता, फरशी पुसता पुसता मला सगळं ऐकू आलं. "माझंच कुलूप राहिलं हो. मशीन बंद करून चालू केलं असतं तरी भागलं असतं." मी म्हटलं, "आता तरी बोलवा की पोरीला!" तर आप्पासाहेब म्हणाले, "आता कशाला? इंद्रजित बसलाय की." हलकट!

लगीनसराई लागली तसा बापानं तिला बिजवराच्या गळ्यात बांधली.

हिकडं इंद्रजित रोज तिचंच नाव टाकून मशीन उघडायचा. पुढं एका टँकरच्या चलनात घोळ झाला. मालकानं इचारलं, मशीनमधी नाव निघालं विजयमाला. आप्पासाहेब म्हणाले, "तसलीच व्हती ती." मी वरडले, "आवो, तिला जाऊन साल झालं!" आप्पासाहेब म्हणाले, "छबू, चहा आण."

दत्तोबा लासुर्ण्याचाच. त्यानं ही बातमी तिच्या सासरी नेऊन घातली. मग बाजारात विजू भेटली. गाल सुजलेला. "नवरा म्हणतो, तितं काय दिवं लावून आलीस," म्हणाली. मग माझा हात धरून इचारलं, "छबूमावशी, माझं नाव तिथनं काढता येतं का गं?"

मी इंद्रजितला जाऊन इचारलं. तो म्हणाला, "काढलं तर मशीन कसं उघडायचं?"