पाचपोर साहेबांचा रकाना

मुकुंद पाचपोर गेल्याचं मला जरीपटक्याच्या बाजारात कळलं. संघटनेच्या खोलीसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या बघायला गेले होते. एका खुर्चीवर बसून ती डुगडुगते का ते पाहत असताना शेवंताचा फोन आला. शेवंता धंतोलीतल्या एका दवाखान्यात आया आहे आणि आमच्या संघटनेची खजिनदार आहे. "ताई, पाचपोर साहेब गेले," ती म्हणाली. मी म्हटलं, "बरं." फोन ठेवला, आणि तिथंच बसून राहिले… दुकानदाराला वाटलं, बाईला खुर्ची पसंत पडली. दुःख झालं असं मी लिहिणार नाही. माझ्या हातून निसटले, एवढंच वाटलं. कितीतरी वर्षं मी हा माणूस सूड घ्यायचा म्हणून जपून ठेवला होता, आणि हे गृहस्थ आपले झोपेत, घरच्या पलंगावर, शांतपणे गेले.

त्यांना ओळखणारे या पुरवणीचे वाचक पुष्कळ असतील. ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. शहरातल्या खासगी दवाखान्यांच्या मालकांचं एक मंडळ आहे, त्याचं सरकारदरबारचं सगळं काम तीस वर्षं पाचपोर साहेब बघत होते. नियम बदलायचा असला, थांबवायचा असला, निदान पुढच्या वर्षावर ढकलायचा असला, की त्यांना पाठवायचं. आम्ही म्हणजे त्याच दवाखान्यांत फरशी पुसणाऱ्या, पॉट उचलणाऱ्या, कचऱ्याच्या पिशव्या बांधणाऱ्या बायका. मी स्वतः दहा वर्षं आया होते. माझी धाकटी बहीण कांता माझ्यामागून त्याच कामाला लागली. कोराडीहून सकाळच्या पहिल्या बसने यायची, डब्यात माझ्यासाठीही भाकर आणायची.

हिवाळी अधिवेशनासाठी सरकार नागपुरात येतं तेव्हा आमच्यासारख्यांना मंत्री दिसतात. एरवी मुंबईला जाणार कोण आणि जाऊन भेटणार कोण? त्या वर्षी आम्ही तीस-चाळीस बायका सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याबाहेर निवेदन घेऊन उभ्या होतो. मागणी साधी होती. आमच्या हाताला सुया टोचतात, पिशवीत कोणी काय टाकलं असेल ते दिसत नाही, तर कामावर घेताना आम्हाला काविळीची लस टोचा आणि तिचा खर्च मालकाने करावा. आत गेलो तर सोफ्यावर पाचपोर साहेब. पांढरा सदरा, हातात फाईल नाही, एकच कागद. मला वाटलं, आता हे विरोध करणार. मी कंबर कसून तयार होते. पण त्यांनी आमचं निवेदन शांतपणे वाचलं आणि मंत्र्यांना म्हणाले, "साहेब, या भगिनींचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. माझं तर म्हणणं, फक्त नागपूर का? सगळ्या महाराष्ट्रात करा. फक्त लस का? विमा द्या, राहायला घरं द्या, मुलांचं शिक्षण बघा. एकदाच सर्वंकष धोरण आणा." मंत्री खूश झाले. तिथल्या तिथे अभ्यास समिती जाहीर झाली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर कांता माझा हात धरून म्हणाली, "ताई, हा मानूस देव आहे वं. मालकाचा असून आपल्या बाजूनं बोलून राहिला."

मग आम्ही काय केलं, तर त्यांचा सत्कार केला. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात. वर्गणी काढून शाल आणली, नारळ आणला, आणि ती शाल त्यांच्या खांद्यावर मी घातली. मीच. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "सुनंदाताई, काही लागलं तर हक्काने सांगा." त्या दिवसाचा फोटो त्यांच्या दिवाणखान्यात लावलेला होता, असं मागाहून कळलं. लावणारच. शिकाऱ्याकडे कातडं असतं तसं.

समितीच्या दोन बैठका झाल्या. पहिलीत सदस्यांची ओळख झाली आणि दुसरीत आणखी माहिती मागवायचं ठरलं. मग अध्यक्षांची बदली झाली. दुसऱ्या पावसाळ्यात कांताला काळ्या पिशवीतली सुई टोचली. अंगठ्याखाली, एवढीशी. तिने पाण्याने हात धुतला आणि कामाला लागली. दोन-अडीच महिन्यांनी डोळे पिवळे झाले. ज्या दवाखान्यात ती फरशी पुसायची, त्याच्या शेजारच्या दवाखान्यात मी तिला भरती केलं. नऊ दिवस होती. लस टोचलेली असती तर हे झालं नसतं, असं तिथल्या तरुण डॉक्टरने मला सांगितलं आणि मान खाली घातली… बिचाऱ्याचा काय दोष.

कांताचं तेरावं झाल्यावर मी आमच्या फायलीचा माग काढायला निघाले. एका खात्यातल्या वयस्कर कक्ष अधिकाऱ्याला माझी दया आली असावी. त्याने फाईल उघडून दाखवली. समिती नेमावी अशी लेखी विनंती मंडळाच्या कागदावर, पाचपोरांच्या अक्षरात होती आणि तिच्यावर तारीख आमच्या भेटीच्या आदल्या दिवशीची. म्हणजे आम्ही बंगल्याबाहेर उभ्या राहायच्या आधीच आमचा निकाल लागला होता. तो म्हणाला, "ताई, मागणी मारायची तर नाही म्हणायचं नसतं. ती फुगवायची असते. फुगली की कोणाच्याच टेबलावर मावत नाही." मी त्याला विचारलं, हे पाचपोरांना कोणी शिकवलं? तो हसला. म्हणाला, आम्हीच त्यांच्याकडून शिकलो.

त्यानंतर मी त्यांची पाठ सोडली नाही. दर हिवाळ्यात ते ज्या बंगल्यावर जातील त्या बंगल्यावर मी जायचे. ते दहाला येत, मी साडेनऊला. ते मंत्र्यांच्या आधी स्टेनोला भेटत, चहा आणणाऱ्याला भेटत, त्याच्या मुलीची बारावी कशी गेली ते विचारत. मीही विचारू लागले. ते एका पानापेक्षा जास्त कागद कधी नेत नसत, मीही माझा गठ्ठा घरी ठेवला. धंदा मी त्यांच्याकडे पाहूनच शिकले, हे कबूल करते. आणि प्रत्येक वेळी, चार लोकांत, मी त्यांना एकच विचारायचे, "साहेब, समिती काय म्हणते?" ते उठून उभे राहत, हात जोडत. "नमस्कार सुनंदाताई." बस. कधी आवाज चढला नाही, कधी नजर चुकवली नाही. एकदा फक्त म्हणाले, "मी ज्यांचं खातो त्यांचं काम करतो, ताई. तीस वर्षांत मंडळाची एक गोष्ट मी बाहेर जाऊ दिली नाही. माझ्याजवळ दुसरं काही नाही, एवढंच आहे." हे त्यांनी अभिमानाने सांगितलं होतं. मी ते नीट लक्षात ठेवलं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात शेवंताचा निरोप आला. "ताई, पाचपोर साहेब आमच्याकडे भरती आहेत. सोळा नंबरात. तुले बोलावून राहिले." मी गेले. खोटं कशाला बोलू, त्यांना पडलेलं बघायला गेले. बघितलं. हातापायाच्या काड्या झाल्या होत्या, सदऱ्याच्या जागी दवाखान्याचा निळा झगा होता. उशाशी मंडळाने पाठवलेला फुलांचा गुच्छ होता, माणूस कोणी नव्हतं. मला बरं वाटलं. मग स्टूल ओढून बसले आणि नेहमीचंच विचारलं, "समिती काय म्हणते?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "सकाळी एक मुलगी माझं पॉट न्यायला आली. हातमोजा फाटलेला. विचारलं, लस घेतलीस का? तर म्हणते, कशाची?" मग म्हणाले, "सुनंदाताई, तुम्ही अजून धोरण मागताय. धोरण मागू नका, कायदा मागू नका, मंत्र्यांकडे तर जाऊच नका. दवाखान्याच्या नोंदणीचं नूतनीकरण होतं, त्या अर्जात एक रकाना वाढवून मागा. रकान्यावर समिती बसत नाही." ताप लिहायच्या तक्त्याची पाठ कोरी होती. तिच्यावर त्यांनी नेहमीच्या अक्षरात, सरळ ओळीत लिहिलं: साफसफाई कर्मचाऱ्यांना काविळीची लस दिली आहे काय, हो किंवा नाही, यादी सोबत जोडावी. "नाही लिहिलं तर अर्ज त्रुटीत जातो, नोंदणी अडकते," ते म्हणाले. "त्रुटीला मालक मंत्र्यापेक्षा जास्त घाबरतो."

मी तो कागद हातात घेतला. इतकं सोपं? एवढी वर्षं ज्यासाठी बायका उन्हात, थंडीत उभ्या राहिल्या, ते दीड ओळीत मावत होतं? मी विचारलं, "साहेब, हे तुमाले तेव्हाबी माहीत होतं?"

ते म्हणाले, "हो."

"कांता होती तेव्हा?"

"हो, ताई."

तेव्हा मला रडू यायला हवं होतं, पण आलं नाही. रागही नेहमीसारखा आला नाही. तो थंडगार होऊन बसला, आणि तसाच अजून बसलेला आहे. अजाणता चुकलेल्या माणसाला मी कदाचित सोडलं असतं. यांच्या खिशात तो रकाना पहिल्या दिवसापासून होता, मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली तेव्हाही होता. निघताना त्यांनी माझी ओढणी धरली. "हे माझ्याकडून आलं असं कुठे येऊ देऊ नका. मंडळात कळलं तर… एवढं वचन द्या." मी वचन दिलं.

मंत्र्यांकडे गेले नाही. नोंदणीचं काम जिथे चालतं त्या कार्यालयात गेले. तिथल्या लिपिक बाईंशी मैत्री केली, तिच्या आईची औषधं कुठे मिळतात ते सांगितलं, अर्जाचा नमुना केव्हा छापायला जातो ते विचारून घेतलं. सात-आठ महिने लागले. नवा नमुना आला तेव्हा त्यात तो रकाना होता. पुढच्या महिन्यात धंतोलीतल्या दवाखान्यांनी घाईघाईने आया-बायांना रांगेत उभं करून लस टोचली. शेवंता दंड चोळत म्हणाली, "ताई, काहून एवढी घाई करून राहिले हे लोक?" मी तिलाही सांगितलं नाही.

पाचपोर साहेब बरे होऊन घरी गेले, आणखी दोन हिवाळे पाहिले आणि गेल्या महिन्यात वारले. मंडळाने मोठ्या सभागृहात शोकसभा ठेवली. मी मागच्या रांगेत होते. मंडळाचे अध्यक्ष बोलायला उभे राहिले. पाचपोर म्हणजे निष्ठा, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या नावाने दरवर्षी निष्ठेचा पुरस्कार जाहीर केला. मग म्हणाले, "तो लसीचा रकाना अर्जात कोणी घुसवला ते आम्हाला अजून कळलेलं नाही. पाचपोर हिंडते-फिरते असते तर त्यांनी तो येऊच दिला नसता." लोकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेत पाचपोर वहिनी पदराने डोळे पुसत होत्या. त्यांच्याकडे पाहून क्षणभर वाटलं, जाऊ दे. मग मला कांताचे पिवळे डोळे आठवले.

दुसऱ्या दिवशी पुरवणीच्या संपादकांचा फोन आला. तुम्ही त्यांना इतकी वर्षं समोरून पाहिलंत, चार ओळी लिहाल का, कौतुकाच्या? मी आनंदाने हो म्हटलं. तर हे कौतुक. मुकुंद पाचपोर यांच्यामुळे या शहरातल्या शेकडो बायकांच्या दंडात लस गेली. त्यांनी स्वतः, स्वतःच्या हाताने, मालकांच्या विरोधात मसुदा लिहून आमच्या संघटनेला दिला. त्यांच्याएवढी मदत आम्हाला दुसऱ्या कोणी केली नाही. यातला शब्दन् शब्द खरा आहे, आणि तो जाहीर करून मी दिलेलं वचन आज मोडते आहे. वहिनींनी मला माफ करू नये.

तक्त्याचा तो कागद मी फ्रेम करून आमच्या जरीपटक्याच्या खोलीत लावला आहे, नव्या खुर्च्यांच्या वर. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी पुरस्कार देण्याआधी येऊन बघून जावा. शनिवारी दुपारी मी तिथे असते, चहा पाजीन. अक्षर कोणाचं, हे मला सांगावं लागणार नाही. तीस वर्षं त्यांची सगळी पत्रं त्याच अक्षरात गेली आहेत.