पाच फूट एक इंच सुतळी

माझ्या पत्नीची उंची मला लग्नानंतर एकोणीस वर्षांनी कळली. पाच फूट एक इंच. तीही सुतळीने मोजून, आणि एका गाडीपायी.

ऐंशीनंतरची ही गोष्ट. नाशिकच्या एका कॉलनीत, तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहत होतो. मूल नव्हतं. ती न्हाणीघरात पडली आणि मणक्याला मार बसला, तेव्हापासून तिला पंधरा मिनिटांच्या वर बसवत नसे. भिंतीला धरून चालायची, बाकी वेळ खाटेवर. कारखान्यात माझी पहिली पाळी असे. पहाटे उठताना तिची झोप मोडू नये म्हणून मी बाहेरच्या खोलीत झोपू लागलो, आणि मग तीच सवय झाली.

तिचं माहेर कळवणला. पडल्यापासूनच्या तीन वर्षांत तिला तिथे जाता आलं नव्हतं. एसटीचा प्रश्नच नव्हता. एकदा भाड्याच्या टॅक्सीत मागे निजवून नेलं, पण तो बाक इतका कडक की शहराच्या वेशीवरचं म्हसरूळ ओलांडायच्या आत परत फिरावं लागलं. आणि तिची आई आमच्याकडे येत नव्हती. मुलीला मूल झाल्याशिवाय तिच्या घरची पायरी चढायची नाही, तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. बहुतेकांची ती वर्षा-दोन वर्षांत सुटते. आमच्याकडे ती एकोणीस वर्षं टिकली. मुलगी पडली तेव्हाही सासूबाईंनी मुलाला पाठवलं, स्वतः आल्या नाहीत.

त्या दिवाळीत मेहुण्याचं पत्र आलं. आईची नजर उतरत चालली आहे, एक डोळा गेलाच, दुसऱ्याचं डॉक्टर काही सांगत नाहीत. ती म्हणते, दिसतंय तोवर पोर एकदा दाखवा.

पत्नीने ते पत्र दोनदा वाचलं आणि उशीखाली ठेवलं. मी गाडी शोधायला लागलो.

जुन्या परदेशी गाड्यांना तेव्हा गिऱ्हाईक नसे. पेट्रोल फार खात, सुटे भाग मिळत नसत, म्हणून माझ्यासारख्याच्या आवाक्यात येत. दोन पाहिल्या. एक काळी, जर्मन, कॉलेज रोडवरच्या एका निवृत्त डॉक्टरांची. दुसरी पांढरी, अमेरिकन, लांबलचक, देवळ्याच्या एका कांदा व्यापाऱ्याची. जर्मन गाडीचं दार लावलं की कपाट लावल्यासारखा आवाज येई. अमेरिकन गाडीच्या आत कांद्याचा वास होता, कारण मालक मागच्या डिकीत नमुन्याच्या गोण्या टाकून बाजार समितीत जायचा.

मी सातपूरला कारखान्यात तपासणी विभागात होतो. दिवसभर मापं घ्यायची. बसलं तर पास, नाही तर बाद. गाड्यांनाही मी तेच केलं. वहीत दोन रकाने पाडले. इंजिन, धूर, टायर, पत्रा, स्प्रिंगा अशा नऊ बाबी, प्रत्येकीला दहापैकी गुण. जर्मन एकाहत्तर, अमेरिकन अठ्ठावन्न. एकच माप राहिलं होतं, मागची सीट.

मी सुतळी घेऊन तिच्या खोलीत गेलो. म्हटलं, "जरा सरळ हो."

"कशाला?"

"माप घ्यायचंय."

"एवढ्यात? तिरडी बांधायला दिली की काय?"

मला हसता आलं नाही. तिने दात आवळून पाय सरळ केले. मी टाळूपासून टाचेपर्यंत सुतळी धरली, गाठ मारली. तिने लगेच कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी गाठ नीट बसली का ते बघत बाहेर आलो.

जर्मन गाडीची सीट चार फूट सात इंच भरली. सुतळी दारात अडकली. डॉक्टर म्हणाले, "अहो, पण बाईंना एकदा निजवून तरी बघा. मी गाडी घेऊन येतो घरी." मी त्यांना म्हटलं, माप माझ्याकडे आहे.

देवळ्याला व्यापारी खुर्चीत बसून माझी कसरत बघत होता. सुतळी सीटवर पसरली, सीट एक इंच उरली.

"साहेब, गाडी घेताय का तिला झबलं शिवताय?"

त्याचे हमाल हसले. "लय गिऱ्हाइकं पाहिली, सुतळीवालं पहिलंच," एक जण म्हणाला.

आमच्या कारखान्यात एक माप चुकलं की नग बाद होतो, बाकीची नऊ कितीही चांगली असोत. त्याच नियमाने मी अमेरिकन गाडी घेतली.

निघायच्या दिवशी पत्नीला धरून मागच्या सीटवर निजवलं. ती आत सरकली, कुशीवर वळली आणि गुडघे पोटाशी घेतले. मी दार धरून उभाच राहिलो.

"अशी झोपतेस?"

"मग कशी? पडल्यापासून अशीच झोपते. सरळ झालं की कळ येते."

तीन फूट आठ इंच. डोळ्यांनीच मोजलं. तिच्या डोक्यापलीकडे दीड फूट सीट मोकळी पडली होती. ती एवढ्या जागेत जर्मन गाडीतही आरामात मावली असती. तीन वर्षं ती माझ्यापासून एका भिंतीपलीकडे अशी झोपत होती.

अमेरिकन गाडी होडीसारखी झुलायची. स्प्रिंगांना मी दहापैकी तीन दिले होते, ते बरोबर होते. दिंडोरीच्या अलीकडेच तिला उलट्या सुरू झाल्या, आणि प्रत्येक उबळीला पाठ धरू लागली. मी थांबलो, गाडी वळवली. वाटेत ती एवढंच म्हणाली, "ती काळी गाडी अजून आहे का हो?" मी सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन आलो. गाडी गेली होती.

पुढच्या रविवारी मी एकटाच कळवणला गेलो. सासूबाईंना सगळं सांगितलं, सुतळीसकट. त्या बराच वेळ गाडीकडे तोंड करून बसल्या. मग आत गेल्या आणि फडक्यात भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आल्या.

"चला, जावईबापू."

माझ्या मनात आलं, रीत सुटली. त्याच आशेवर सकाळी निघताना मी तिघांचा भात लावून ठेवला होता.

घरासमोर गाडी उभी केली, दार उघडलं. त्या उतरेनात.

"मी नाय उतरायची. तिला हितं आणा."

"अहो, घर समोर आहे."

"ते तुमचं घर. ही काय घर हाय व्हय? गाडीच हाय ना?"

पत्नी भिंत धरत, मग फाटक धरत आली. मी तिला आत निजवलं. तिने गुडघे पोटाशी घेतले, आणि त्या दीड फुटात बसलेल्या आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन पाहिलं, मग बोटांनी कपाळ, नाक, हनुवटी चाचपली. "हाडं निघाली गं तुझी," असं काहीसं ऐकलं. मी दार लावून घेतलं.

गाडी उभी असली की झुलत नव्हती.

मी आत येऊन जेवलो. दोघांचा भात उरला. खिडकीतून गाडीच्या वर केलेल्या काचा दिसत होत्या. आत ओठ हलत होते. एकदा पत्नी इतकी हसली की तिने पाठ धरली, आणि परत हसली. त्या घरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. कशावर हसली ते कळायला मार्ग नव्हता.

पाच वाजता सासूबाईंनी काचेवर अंगठी वाजवली. मी त्यांना कळवणला सोडून परत आलो तेव्हा पत्नी जागी होती.

"काय बोललात दिवसभर?" मी विचारलं.

"काही नाही. असंच." मग उशी सरकवत, "पुढच्या महिन्यात परत आणाल?"

"आणीन."

मी आणलं. त्यांची नजर पुरती जाईपर्यंत आणि गेल्यावरही, दर महिन्याला. गाडी दर वेळी त्याच जागी उभी करायचो. खिडकीपासून गाडीचं दार अकरा फुटांवर असे. ते मी त्याच सुतळीने मोजलं होतं.